खेळण्यावरचा पिवळा रंग

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची एक पिवळी मोटार टेबलावर ठेवा आणि विचारा, "हिला रंग कोणी दिला?" मुले म्हणतील, "कारखान्याने." कोणत्या कारखान्याने? खोक्यावर कंपनीचे नाव असते, देशाचे नाव असते, दुकानाची चिठ्ठी असते. रंग कोणी दिला, रंगातली पूड कोठून आली आणि ती पूड कोणी तपासली, हे मात्र खोक्यावर लिहिलेले नसते.

२००७ साली अमेरिकेतल्या लाखो पालकांना नेमका हाच प्रश्न पडला. त्याचे उत्तर शोधायला गेले की रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीनही विषय एकाच खेळण्यात सापडतात. म्हणून या वेळी आम्ही ही गोष्ट थोडी सविस्तर सांगणार आहोत.

काय घडले?

जून २००७ मध्ये 'थॉमस' या लाकडी आगगाडीचे सुमारे १५ लाख नग अमेरिकेत परत मागवण्यात आले. ते चीनमध्ये तयार झाले होते आणि त्यांच्या रंगात शिसे होते. २ ऑगस्टला मॅटेल या जगातल्या अग्रगण्य खेळणी-कंपनीने आपल्या फिशर-प्राइस या शाखेची ८३ प्रकारची खेळणी परत मागवली. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या ९ लाख ६७ हजार होती. १४ ऑगस्टला पुन्हा घोषणा झाली. या वेळी 'सार्ज' नावाची छोटी मोटार शिशाच्या रंगामुळे, आणि जगभरातली १ कोटी ८२ लाख खेळणी सुट्या होणाऱ्या चुंबकांमुळे परत बोलावण्यात आली. सप्टेंबरमध्ये तिसरी घोषणा झाली.

शिशाचा रंग घरात आणि खेळण्यांवर वापरायला अमेरिकेत १९७८ पासूनच बंदी होती. मग एकोणतीस वर्षांनी तो पुन्हा मुलांच्या हातात आला कसा?

शिसेच का?

आधी रसायनशास्त्र पाहू. रंगाचे मुख्यतः तीन भाग असतात: रंग देणारी पूड म्हणजे रंगद्रव्य, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा बंधक, आणि हे सगळे पातळ करणारा द्रावक. द्रावक उडून जातो, बंधक आणि रंगद्रव्य यांचा थर मागे राहतो.

लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग झळझळीत पिवळे असते. त्याच्यातून जाताना प्रकाश खूप वाकतो, त्यामुळे पातळ थरानेही खालचा पृष्ठभाग पूर्ण झाकला जातो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, सहसा विटत नाही आणि मुख्य म्हणजे स्वस्त असते. शिसे नसलेली सेंद्रिय पिवळी रंगद्रव्ये मिळतात, पण ती महाग पडतात आणि तितकी झाकत नाहीत, म्हणून रंगाचे हात जास्त द्यावे लागतात. म्हणजे शिसे काढले की पुडीचाही खर्च वाढतो आणि मजुरीचाही.

शिशाची संयुगे आपल्याला अनोळखी नाहीत. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी जी भेसळ करतात तीही लेड क्रोमेटचीच. रंग छान दिसतो, माल स्वस्त पडतो आणि फरक डोळ्यांना कळत नाही. हे तीनही गुण एकत्र आले की मोह तयार होतो.

एक गणित

वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित फळ्यावर करता येईल. लेड क्रोमेटमध्ये शिशाचा एक, क्रोमियमचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. त्यांचे अणुभार ढोबळमानाने २०७, ५२ आणि १६ धरले तर रेणूभार २०७ + ५२ + ६४ = ३२३ येतो. म्हणजे या पुडीत वजनाने सुमारे ६४ टक्के शिसेच आहे.

समजा, वाळलेल्या रंगात १० टक्के लेड क्रोमेट आहे. मग त्यात शिसे ६.४ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत ६४,००० भाग. त्या वेळी अमेरिकेतली मर्यादा दहा लाखांत ६०० भाग एवढी होती. आपला रंग त्या मर्यादेच्या शंभरपट पुढे गेला. पुढे ही मर्यादा ९० भागांवर आणण्यात आली. तिच्या तुलनेत तो सातशेपट भरतो.

आता या रंगाचा १० मिलिग्रॅमचा एक पापुद्रा घ्या. त्यात ६४० मायक्रोग्रॅम शिसे आहे. ९० भागांच्या मर्यादेतल्या रंगाचा तेवढाच पापुद्रा घेतला तर त्यात एक मायक्रोग्रॅमही नसते. पोटात गेलेले सगळेच शिसे रक्तात उतरते असे नाही. पण रोज एखादा पापुद्रा चाटणाऱ्या मुलाच्या बाबतीत या दोन आकड्यांमधला फरक फार मोठा आहे.

शिसे शरीरात काय करते?

शिशाचा आयन शरीराला कॅल्शियमसारखा वाटतो. ज्या वाटांनी कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणि रक्तातून पेशीत जाते त्याच वाटांनी शिसेही आत शिरते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलांत हेच प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. मुलाचे पोट रिकामे असेल किंवा आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित मुलाला धोका अधिक.

आत गेलेले शिसे रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते, म्हणून पंडुरोग होतो. बरेचसे शिसे हाडांत साठते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. सर्वांत मोठे नुकसान वाढत्या मेंदूचे होते, कारण मज्जापेशींचे एकमेकींशी जोडले जाणे कॅल्शियमच्या संदेशांवर चालते आणि शिसे त्या संदेशांत ढवळाढवळ करते.

येथे शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा एक अभ्यास सांगायला हवा. अमेरिकेतले डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, दातात मात्र ते साठून राहते. म्हणून दात ही एक प्रकारची नोंदवहीच. मग दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल त्यांच्या वर्गशिक्षकांना प्रश्नावली दिली: मूल लक्ष देते का, हातातले काम पूर्ण करते का, साध्या सूचना पाळते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना माहीत नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसे जसजसे जास्त, तसतशी 'लक्ष देत नाही' अशी नोंद जास्त. यातल्या एकाही मुलात विषबाधेची ठळक लक्षणे दिसत नव्हती.

हे वाचताना आम्हाला आमच्या वर्गांतली मुले आठवली. आपण ज्याला 'धांदरट' किंवा 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो त्याच्या शरीरात काय साठले आहे, हे आपण कधी विचारत नाही. प्रत्येक चंचल मुलामागे शिसे असते असे मुळीच नाही. पण एखाद्या मुलामागे ते असू शकते, एवढे शिक्षकाला माहीत असायला हवे.

शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे आज कोणीही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका तीच आहे. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली होती. हे शिसे खेळण्यांतूनच येते असे नव्हे. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याची कामे, भेसळीचे मसाले, भांड्यांचे लेप, घराचे रंग अशा अनेक वाटा आहेत.

साखळी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रंग बदलला कोणी?

मॅटेलने आपल्या ठेकेदारांना मान्यताप्राप्त रंग-पुरवठादारांची यादी दिलेली होती. फिशर-प्राइसची खेळणी दक्षिण चीनमधल्या फोशान येथील एका कारखान्यात तयार झाली. हा कारखाना पंधरा वर्षे मॅटेलचे काम करत होता. तरी त्याच्या रंगात नको ती पिवळी पूड आलीच. 'सार्ज' मोटारीच्या बाबतीत मुख्य ठेकेदाराने रंगकाम एका पोट-ठेकेदाराला दिले. त्याने मुख्य ठेकेदाराने पुरवलेला रंग वापरायचा होता. तो न वापरता त्याने दुसरीकडून रंग घेतला. म्हणजे दुकान, कंपनी, ठेकेदार, पोट-ठेकेदार, रंगवाला आणि पूडवाला अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीला आपल्या मागची एक कडी दिसते, त्यापलीकडचे दिसत नाही.

ही घटना उघडकीस आल्यावर काही दिवसांतच फोशानच्या कारखान्याच्या एका मालकाने आत्महत्या केली. कोणाची चूक किती, हे ठरवताना हीही बाजू विसरता येत नाही.

एक गिऱ्हाईक, अनेक विक्रेते

साखळीच्या दुसऱ्या टोकाला मोठे दुकानदार होते. वॉलमार्टचे पहिले दुकान १९६२ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात निघाले. २००७ च्या सुमारास या कंपनीची वर्षाची विक्री ३४,००० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. मॅटेल ही कंपनी स्वतः लहान नव्हे. पण तिच्या जगभरातल्या विक्रीपैकी सुमारे चार-दशांश विक्री वॉलमार्ट, टॉइज-आर-अस आणि टारगेट या तीनच गिऱ्हाइकांना होत असे.

याचा अर्थ आपल्याला आठवडी बाजारावरून समजतो. बाजारात विकणारा एक आणि घेणारे अनेक असतील तर विकणारा भाव ठरवतो. याला आपण मक्तेदारी म्हणतो. पण समजा, टोमॅटो आणलेले शेतकरी शंभर आणि घेणारा व्यापारी एकच. मग भाव कोण ठरवणार? व्यापारी म्हणेल, "देता का या भावाने? नाही तर पलीकडचा देतोय." माल परत घरी नेता येत नाही, कारण टोमॅटो थांबत नाही. कारखान्याचेही तसेच आहे. यंत्रे आणली, कामगार ठेवले, कर्ज काढले, आता यंत्रे बंद ठेवता येत नाहीत. याला क्रेत्याची मक्तेदारी म्हणता येईल. विक्रेत्याच्या मक्तेदारीत गिऱ्हाईक नाडले जाते, म्हणून ती लवकर लक्षात येते. क्रेत्याच्या मक्तेदारीत गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो, म्हणून तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

दुकानदाराच्या हाती ही सत्ता येण्यामागे तंत्रज्ञानाचाही वाटा आहे. दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. पहिली, मालवाहू कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' या जहाजाने ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनपर्यंत प्रवास केला. माल एकदा पेटीत भरला की ती पेटी मालमोटार, आगगाडी आणि जहाज यांवर तशीच चढवता येऊ लागली आणि समुद्रापार माल नेण्याचा खर्च उतरला. दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा, म्हणजेच बारकोड. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमचे पाकीट प्रथम अशा रीतीने वाचले गेले. तोपर्यंत कोणता माल किती खपतो हे कारखानदाराला जास्त माहीत असे. रेघा वाचल्या जाऊ लागल्यावर ती माहिती दर मिनिटाला दुकानदाराकडे जमा होऊ लागली. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे भाव ठरवण्याची ताकद, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते.

काटकसर कोठे होते?

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. आकडे आमचे आहेत, फक्त समजण्यासाठी. एका खेळण्यामागे कारखान्याला २० रुपये मिळतात. त्यांपैकी प्लॅस्टिक ८, मजुरी ४, वीज, खोके व इतर ४, रंग २ आणि नफा २. मोठे गिऱ्हाईक म्हणते, पुढच्या वर्षी १९ रुपयांना द्या. मागणी केवळ पाच टक्क्यांची आहे. पण प्लॅस्टिकचा भाव खनिज तेलावर ठरतो, विजेचा दर ठरलेला असतो. म्हणून तो एक रुपया नफ्यातून जातो आणि नफा निम्मा होतो. त्यापुढच्या वर्षी १८ रुपयांची मागणी येते. आता नफा शून्य. या काळात चीनमध्ये मजुरी वाढत होती आणि जुलै २००५ पासून तेथील चलनही डॉलरच्या तुलनेत महाग होऊ लागले होते. म्हणजे खर्च वर चालला होता आणि भाव खाली.

आता काटायचे कोठे? प्लॅस्टिक कमी केले तर खेळणे मोडते आणि गिऱ्हाइकाला कळते. खोके साधे केले तर दुकानदार परत पाठवतो. रंग मात्र दोन रुपयांऐवजी एक रुपयाचा वापरला तर खेळणे तसेच दिसते, कदाचित जरा जास्तच चकचकीत. काटकसर नेहमी डोळा पोचत नाही तेथे होते. सुरक्षितता ही अशीच न दिसणारी गोष्ट आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले. गिऱ्हाइकाला चांगला आणि वाईट माल यांतला फरक ओळखता येत नसेल तर तो चांगल्याची किंमत द्यायला तयार होत नाही. मग चांगला माल विकणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. शिशाविना रंग वापरणारा प्रामाणिक कारखानदार स्पर्धेत मागे का पडतो, याचे उत्तर त्यात आहे.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. कोणत्याही मोठ्या दुकानदाराने 'शिशाचा रंग लावा' असे सांगितलेले नव्हते. फसवणूक करणाऱ्याची जबाबदारी त्याचीच आहे. तशाच दडपणाखाली असलेल्या पुष्कळ कारखान्यांनी फसवणूक केली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण दरवर्षी भाव कमी मागायचा आणि माल कसा तयार होतो हे विचारायचे नाही, असा व्यवहार चालू राहिला तर साखळीतली कोठली तरी कच्ची कडी तुटणार, हे आधीच कळण्यासारखे होते.

दोष फक्त 'परदेशी' मालाचा?

त्या वर्षी अमेरिकेत 'चिनी माल वाईट' अशी ओरड झाली. पण परत मागवलेल्या खेळण्यांत सर्वांत मोठी संख्या शिशाच्या रंगाची नव्हती, चुंबकांची होती. निओडिमियमचे चुंबक लहान असून फार जोरकस असतात. एक चुंबक गिळला तर तो बहुधा शौचावाटे पडून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात. मध्ये सापडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि तेथे भोक पडते. हा दोष कारखान्याचा नव्हता. चुंबक निसटू शकेल असा आराखडा मॅटेलनेच दिला होता. २१ सप्टेंबर २००७ रोजी मॅटेलच्या उपाध्यक्षांनी बीजिंगमध्ये चिनी अधिकाऱ्यांपुढे हे मान्य करून माफी मागितली.

कॅनडातले अभ्यासक हरी बापूजी आणि पॉल बीमिश यांनी १९८८ पासूनच्या सुमारे साडेपाचशे प्रकरणांची छाननी केली. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत दोष आराखड्याचा होता आणि आराखडे बहुधा मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत तयार होतात. म्हणून 'कोणत्या देशाचा माल?' या प्रश्नापेक्षा 'आराखडा कोणाचा, भाव कोणी ठरवला आणि तपासणी कोणी केली?' हे तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात.

तपासणीचीच फसवणूक

तपासणी वाढवली की प्रश्न सुटतो, असे आम्हालाही वाटत असे. २००८ मधल्या चीनच्या दूध-प्रकरणाने त्यातली मेख दाखवली. दूध गोळा करणारे त्यात पाणी घालत. पाण्यामुळे प्रथिने कमी भरली तर डेअरी दूध नाकारी. पण नेहमीच्या चाचणीत प्रथिने सरळ मोजली जात नव्हती. दुधातला नायट्रोजन मोजून त्याला सुमारे ६.४ ने गुणत. मेलामाइन या रसायनात वजनाने दोन-तृतीयांश नायट्रोजनच असतो. एक ग्रॅम मेलामाइन घातले की चाचणीत चार ग्रॅमांहून अधिक प्रथिने दिसू लागतात. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले आणि सरकारी नोंदीप्रमाणे सहा बालके दगावली. हे दूध तेथल्याच मुलांनी प्यायले होते. भारताने त्या वर्षी चीनमधून येणाऱ्या दुधावर आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली.

यातून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखा धडा असा: चाचणी नेमके काय मोजते आणि आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे, यांत अंतर असले तर लबाडी तेवढ्या अंतरात जागा करून घेते.

उपाय कोणते झाले?

अमेरिकेत या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळात १९८० च्या सुमारास जवळजवळ हजार माणसे होती. २००७ मध्ये ती चारशेच्या आसपास उरली होती. आयात वाढत होती आणि तपासनीस कमी होत होते. ऑगस्ट २००८ मध्ये नवा कायदा झाला. रंगातल्या शिशाची मर्यादा ६०० वरून ९० भागांवर आली आणि मुलांच्या वस्तू त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासून घेणे सक्तीचे झाले. मॅटेलला २००९ मध्ये २३ लाख डॉलर दंड झाला.

पण कायद्याची दुसरी बाजूही पुढे आली. चाचणीचा खर्च लाख नगांवर विभागला तर नगामागे नगण्य होतो. वर्षाला दोनशे लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराला मात्र तोच खर्च जड जातो. अमेरिकेतल्या छोट्या कारागिरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. उलट मॅटेलला आपल्याच प्रयोगशाळांत, काही अटींवर, चाचणी करण्याची परवानगी मिळाली. ज्यांनी चूक केली नव्हती त्यांना नियम जाचक ठरला आणि ज्यांच्यामुळे नियम आला त्यांना तो सोपा गेला.

मोठ्या दुकानदाराची सत्ता चांगल्या कामीही येते. बिस्फेनॉल-ए हे रसायन असलेल्या दुधाच्या बाटल्या हळूहळू बंद करण्याचे वॉलमार्टने एप्रिल २००८ मध्ये जाहीर केले. अमेरिकेच्या सरकारने अशा बाटल्यांना बंदी केली ती २०१२ मध्ये. जो कारखानदाराकडून भाव कमी करून घेऊ शकतो, तो मनात आणले तर सुरक्षितताही मागून घेऊ शकतो.

आपल्याकडे

भारताने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्ये ती सैल करून प्रमाणपत्र असलेल्या खेळण्यांना वाट दिली. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून १२१ नमुने घेऊन तपासले तेव्हा त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश नापास झाले. पुढे खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. घरगुती रंगांसाठीही १ नोव्हेंबर २०१७ पासून शिशाची मर्यादा ९० भाग अशी आहे.

नियम झाला म्हणजे जत्रेतल्या पालावरचे प्रत्येक खेळणे सुरक्षित झाले, असे नाही. दहा रुपयांच्या सुट्या खेळण्यावर चिन्ह नसते आणि ते विकणारा माणूस स्वतःही साखळीची एक बिचारी कडीच असतो. त्याला काय ठाऊक की पुडीत काय आहे!

वर्गात काय करता येईल?

१. साखळीचा खेळ. सहा मुले ओळीत उभी करा: गिऱ्हाईक, दुकानदार, कंपनी, ठेकेदार, रंगवाला, पूडवाला. वरचा २० रुपयांचा हिशेब ठेकेदाराला द्या. दुकानदाराने प्रत्येक फेरीत एक रुपया कमी मागायचा. ठेकेदाराने खर्च कोठे कमी केला ते चिठ्ठीवर गुपचूप लिहायचे. तीन फेऱ्यांनंतर चिठ्ठ्या उघडा. मग एक नियम वाढवा: कोणालाही कोणाची चिठ्ठी पाहण्याचा हक्क आहे. पुन्हा खेळा आणि फरक पाहा.

२. चुंबकाचा प्रयोग. दोन जोरकस चुंबकांमध्ये कापडाच्या दोन-तीन घड्या ठेवा आणि कापड ओढून पाहा. चुंबक शिक्षकांनी स्वतःच्या हाती ठेवावेत आणि मोजून परत घ्यावेत.

३. हळदीची चाचणी. काचेच्या पेल्यातल्या पाण्यावर चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर भेसळीचा संशय घ्यावा. हा केवळ अंदाज असतो, पुरावा नव्हे. पाणी कोणी पिऊ नये आणि हात धुवावेत.

४. चिन्हाचा शोध. मुलांनी घरातल्या पाच खेळण्यांवर आयएसआय चिन्ह, परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि वयाची सूचना आहे का, याचा तक्ता करावा. परवाना क्रमांक खरा आहे का, हे भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पाहता येते.

खेळण्यातले शिसे शाळेत रसायने वापरून तपासण्याच्या भरीस मात्र पडू नये. खेळण्यावर क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्य ओळखणारी उपकरणे प्रयोगशाळांत असतात, हे काम त्यांचे. आपण एवढे नक्की करू शकतो: रंगाचे पोपडे निघणारे खेळणे बालवाडीच्या टोपलीतून काढून टाकणे, जेवणापूर्वी हात धुण्याचा आग्रह धरणे आणि शाळेच्या भिंती, बाके व घसरगुंडी रंगवताना रंगाच्या डब्यावरची शिशाबद्दलची सूचना वाचणे.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. शाळेसाठी रंग, खेळणी किंवा पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या असल्या की आपण तीन दरपत्रके मागवतो आणि सर्वांत कमी दराचे मंजूर करतो. त्या वेळी आपणही छोटेसे मोठे गिऱ्हाईक असतो. दरपत्रकात आणखी एक ओळ घालता येईल: "रंगातील शिशाचे प्रमाण ९० भागांच्या आत असल्याचे प्रमाणपत्र जोडावे." कमी दराचे पत्रक त्या ओळीपाशी अडखळले, तर तो दर कमी का होता हे आपल्याला कळेल.